सड्यावरच्या शर्यतीसाठी मॅक्सिस आयकॉन टायर

टायर २९ बाय २.२० इंचाचे, दोन्ही चाकांना. सायकल साधी हार्डटेल (मागे शॉक नसलेली), माझं वजन ६८ किलो, शर्यत क्रॉस-कंट्री, म्हणजे रानवाटांवरची. ज्यांची माउंटन बाईक फोंडा बाजार ते घर एवढीच फिरते त्यांनी हे टायर घेऊ नयेत, डांबरावर उगाच झिजतील.

आमच्या शर्यतीचा मार्ग निम्मा सड्यावरून, म्हणजे कातळाच्या पठारावरून, निम्मा काजूच्या बागायतीतून. सड्यावरचा जांभा उघडा, भोकाभोकांचा, कडांना धार. त्यावर सुटी खडी. वळणावर ब्रेक दाबला की सुपाऱ्या वाळत घातलेल्या अंगणात सायकल घातल्यासारखं होतं. आयकॉनचे नॉब (टायरवरचे रबरी उंचवटे) बुटके आणि दाटीने बसवलेले, त्यामुळे कोरड्या कातळावर तो मस्त पळतो आणि वळणावर कधी सरकणार याचा अंदाज आधीच देतो. घसरतो, पण सांगून घसरतो.

शर्यत सुटते तेव्हा सगळे एकदम सुटतात आणि थोड्याच अंतरावर वाट एका सायकलपुरती उरते. तिथे जो आधी शिरला तो शिरला. मागच्याच्या पायात कितीही दम असो, त्याला ओव्हरटेक करायला जागाच नाही. त्या पहिल्या धावेत या टायरांनी मला बरी जागा मिळवून दिली. पायांनीही थोडी मदत केली म्हणा.

पण माझ्यासाठी वेगापेक्षा पंक्चरचा प्रश्न मोठा. यूसीआयच्या (सायकलिंगची जागतिक संघटना) नियमाप्रमाणे बाहेरची मदत फक्त ठरवून दिलेल्या फीड आणि टेक झोनमध्येच, म्हणजे खाण्यापिण्याच्या आणि दुरुस्तीच्या जागीच, घेता येते. मध्येच हवा गेली तर जवळच्या सामानाने दुरुस्ती करा, नाहीतर झोनपर्यंत पळा. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्रिटनच्या टॉम पिडकॉकचं पुढचं चाक पंक्चर झालं, चाक बदलण्यात अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ गेला, तरी सुवर्ण त्यानेच नेलं. तो पिडकॉक. आपण धापा टाकत झोनमध्ये पोचलो तरी तिथे दुसरं चाक घेऊन कोण उभं असणार?

म्हणून टायरच्या बाजूवर 'ईएक्सओ' आणि 'टीआर' ही अक्षरं वाचूनच पैसे द्या. पहिलं म्हणजे बाजूची भिंत चिरू नये म्हणून दिलेलं जादा कापड, दुसरं म्हणजे ट्यूबलेस, आत ट्यूब न घालता, चालतो. मला एका ऑनलाइन विक्रेत्याने तारेच्या कडेचा, ही अक्षरं नसलेला साधा आयकॉन पाठवला होता, वर 'सेम टू सेम आहे सर' हे उत्तर. परत पाठवला. आता बसवलेल्या जोडीच्या भिंतीवर जांभ्याचे ओरखडे भरपूर आहेत, आरपार एकही नाही.

बसवणं हा वेगळाच सोहळा. फूटपंपाने कडा रिमवर बसेनात, तेव्हा स्कूटरच्या पंक्चरवाल्याकडे गेलो. सायकलच्या बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हचा अडॅप्टर खिशात होता म्हणून निभावलं. म्हातारा टायरमध्ये बोट घालून म्हणाला, "सायबा, हातूंत ट्यूब खंय?" (यात ट्यूब कुठेय?) मग मी आत पांढरं सीलंट (बारीक भोकं आपोआप बुजवणारं द्रव) ओतताना त्याने असं पाहिलं की जणू मी चाकाला दूध पाजतोय. कॉम्प्रेसरची हवा सोडल्यावर दोन्ही कडा टणकन बसल्या आणि तो एकदम खूष. पैसे घेईना.

सीलंट प्रत्येक चाकात १०० मिली घातलं. आपल्या उकाड्यात ते लवकर सुकतं; दोन-तीन महिन्यांनी हलवून बघा, आत पाण्यासारखा आवाज आला नाही तर भर घाला. हवा पुढे २०, मागे २२ पीएसआय. यापेक्षा कमी ठेवली तर कातळाच्या पायरीवर रिम ठोकली जाते.

सकाळच्या दवात काजूखालची मुळं आणि कुजलेली पानं ओली असतात, तिथे मात्र या टायरकडून फार अपेक्षा नको. बुटक्या नॉबचा टायर कोरड्यासाठीच. आणि पावसाळ्यात शेवाळलेल्या जांभ्यावर तर विषयच नाही.

मागचा झिजला की परत आयकॉनच घेणार. पुढे मात्र मॅक्सिसचाच जरा उंच नॉबचा आर्डेंट रेस लावून बघायचा आहे. फोंडा-डिचोली भागात कोणाकडे २९ चा पडून असेल तर सांगा, शर्यतीपुरता घेईन आणि धुऊन परत देईन.