फ्यूजनच्या चुंबकांवर काम करायचंय? तांबं, निओबियम की रेब्को

एम.टेक. किंवा पीएच.डी. फ्यूजनच्या, म्हणजे हलकी अणुकेंद्रकं एकत्र आणून ऊर्जा काढणाऱ्या यंत्रांच्या, चुंबकांवर करायची, एवढं पक्कं करून येणारी मुलं आता नांदेड-परभणीकडंही निघू लागलीत. अडतं ते पुढच्या पायरीवर. चुंबक कशाचा? तांब्याचा, निओबियमच्या मिश्रधातूचा, की रेब्को नावाच्या नव्या पट्टीचा? तिन्हींचं शिक्षण वेगळं, प्रयोगशाळा वेगळी आणि पुढची नोकरीही वेगळी. म्हणून तिन्ही शेजारी ठेवून बघू.

आधी एक आकडा डोक्यात ठेवा. टोकामॅकमध्ये, म्हणजे फ्यूजनच्या कड्यासारख्या यंत्रात, कोट्यवधी अंश तापलेला प्लाझ्मा (विद्युतभारित वायू) भिंतीपासून दूर धरायचं काम चुंबकीय क्षेत्राचं. बाकी रचना तशीच ठेवून क्षेत्र दुप्पट केलं, तर तेवढ्याच जागेतून मिळणारी फ्यूजन शक्ती साधारण सोळापट होते, कारण ती क्षेत्राच्या चौथ्या घातानं वाढते. सगळी धडपड जास्त टेस्लासाठी (टेस्ला हे क्षेत्राचं एकक) चालते ती यामुळं.

तांब्याचं लवकर उरकतो. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेतला ‘आदित्य’ टोकामॅक १९८९ पासून तांब्याच्या कॉइलवर चालत आला. इंग्लंडमधल्या ‘जेट’ टोकामॅकनं १९८३ ते २०२३ अशी चाळीस वर्षं तांब्यावरच काढली आणि शेवटी शेवटी एका पल्समध्ये ६९ मेगाज्यूल ऊर्जा दिली. पण तांबं तापतं, आणि तापतं म्हणून पल्स सेकंदांतच संपते. प्लाझ्मा कसा सावरायचा हे शिकायला तांब्याचं यंत्र उत्तम. चुंबकच शिकायचा असेल, तर माझ्या मते आयुष्य तांब्यावर घालवू नका.

खरी निवड निओबियम आणि रेब्को यांच्यात आहे. दोन्ही सुपरकंडक्टर, म्हणजे पुरेसं थंड केलं की विजेला रोध न करणारे आणि म्हणून न तापणारे.

निओबियमची दोन रूपं. निओबियम-टायटॅनियम हा गुणी धातू. तार ओढा, वळवा, गुंडाळा, तक्रार करत नाही. लातूर, संभाजीनगरच्या हॉस्पिटलात एमआरआय काढता, त्या बहुतेक मशिनींच्या पोटात द्रवरूप हेलियममध्ये हीच तार असते. गांधीनगरच्याच ‘एसएसटी-१’ टोकामॅकच्या कॉइल याच्याच. फ्रान्समध्ये उभ्या राहत असलेल्या ‘इटर’ या आंतरराष्ट्रीय टोकामॅकच्या सहा गोल पोलॉइडल कॉइलही याच्याच. मर्यादा एवढीच, की नऊ-दहा टेस्लाच्या आसपास त्याचा दम संपतो.

त्याहून वर जायचं तर निओबियम-टिन. ‘इटर’च्या अठरा मुख्य कॉइल याच्या: सुमारे १७ मीटर उंच, एकेकीचं वजन तीनशे टनांच्या वर, करंट ६८ हजार अँपियर, तारेवरचं क्षेत्र ११.८ टेस्ला. अडचण अशी, की हा पदार्थ काचेसारखा ठिसूळ. म्हणून कच्च्या स्थितीतच तार गुंडाळायची आणि मग अख्खी गुंडाळी भट्टीत सुमारे ६५० अंशांना कित्येक दिवस भाजायची. कुंभार कच्चं मडकं घडवून मग भाजतो, तसंच. भाजल्यावर वाकवलीत की तडा. आकारात चूक राहिली तर ती निस्तरणं महाकठीण.

रेब्को म्हणजे पट्टी. चार किंवा बारा मिलिमीटर रुंद, जाडी केसाएवढी. आत मजबूत निकेल मिश्रधातूचा पाया, वर काही पातळ थर, मग एक-दोन मायक्रॉनचा सुपरकंडक्टर, त्यावर चांदी आणि बाहेरून तांबं. लांबीच्या दिशेनं ओढा, चांगलीच टिकते. पण थरांना आडवा ताण बसला की पापुद्रे सुटतात. ५ सप्टेंबर २०२१ रोजी अमेरिकेत एमआयटी आणि कॉमनवेल्थ फ्यूजन सिस्टिम्स ही कंपनी यांनी २६७ किलोमीटर पट्टी वापरून बनवलेल्या कॉइलनं २० टेस्ला गाठले, तेही २० केल्विनला, म्हणजे उणे २५३ अंशांना. या जोरावर त्यांच्या ‘स्पार्क’ टोकामॅकची मोठी त्रिज्या, म्हणजे कड्याच्या मध्यापासून प्लाझ्माच्या मध्यापर्यंतचं अंतर, १.८५ मीटरवर आली. ‘इटर’ची ६.२ मीटर आहे.

थंडाव्याच्या हिशोबात रेब्को सरळ जिंकतो. निओबियमला लागणाऱ्या साडेचार केल्विनला एक वॅट उष्णता बाहेर काढायला आदर्श यंत्रालाही ६६ वॅट लागतात, २० केल्विनला १४. प्रत्यक्षातली यंत्रं दोन्हीकडं याच्या कित्येक पट खातात, पण तफावत राहतेच. आणि हेलियम आपल्याकडं बाहेरून येतो.

जोराच्या हिशोबात मात्र रेब्कोच जास्त घाम काढतो. २० टेस्लाला चुंबकीय दाब सुमारे १६० मेगापास्कल होतो, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या दीड हजार पटींहून जास्त. तो पेलायला पोलादच लागतं, म्हणून इथं मेकॅनिकलच्या मुलांना इलेक्ट्रिकलइतकंच काम आहे.

आता ज्यावर मी निर्णय घ्यायला सांगेन ते. वसमतला माझ्या काकांचं मोटर भरायचं दुकान होतं. रब्बीत व्होल्टेज पडलं की जळक्या मोटारींची रांग लागायची. स्टेटर उघडला की करपलेल्या वार्निशचा वास दुकानभर. काका खाचांतली तार बाहेर ओढत, ती बोटांत फिरवून मला दाखवत आणि म्हणत, “तार काय करत नसते लेकरा. जळतं ते जोडात, नाहीतर कागदात.” कागद म्हणजे खाचेतलं इन्सुलेशन.

जगातले मोठे चुंबक बघताना हे वाक्य मला सारखं आठवतं. १९ सप्टेंबर २००८ ला युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेच्या, कण एकमेकांवर आदळवणाऱ्या महाकाय यंत्रात निओबियम-टायटॅनियमचे चुंबक चांगले होते. बिघडला तो दोन चुंबकांमधला एक जोड. कित्येक टन हेलियम बोगद्यात सुटला आणि यंत्र वर्षभर बंद राहिलं. मार्च २०२१ मध्ये जपानच्या ‘जेटी-६०एसए’ टोकामॅकमध्ये एका कॉइलच्या जोडावरचं इन्सुलेशन गेलं आणि पहिला प्लाझ्मा ऑक्टोबर २०२३ पर्यंत लांबला. आपल्या ‘एसएसटी-१’लाही २०१३ च्या पहिल्या प्लाझ्मापूर्वी जोड नव्यानं करावे लागले. गणितच तसं आहे. ६८ हजार अँपियरला फक्त एक नॅनोओहम रोध राहिला, तरी त्या जोडात साडेचार वॅट उष्णता तयार होते.

जोडाच्या जोडीला येतो क्वेंच. सुपरकंडक्टरचा एखादा ठिपका तापून साधा झाला, म्हणजे पुन्हा रोध करू लागला, की साठलेली ऊर्जा तिथं धावते. ‘इटर’च्या अठरा कॉइलमध्ये मिळून ४१ गिगाज्यूल साठणार, म्हणजे सुमारे ११,४०० युनिट. पाच एचपीची मोटर तीन हजार तास चालेल एवढी. निओबियममध्ये तो ठिपका सेकंदाला काही मीटर पसरतो, व्होल्टेज लगेच दिसतं, करंट बाहेरच्या रोधात वळवता येतो. रेब्कोत तो सेकंदाला मिलिमीटर-सेंटिमीटरनं सरकतो. व्होल्टेज दिसेपर्यंत पट्टी तिथं जळून बसते. अमेरिकेतल्या त्या कॉइलमध्ये वेटोळ्यांमधलं इन्सुलेशनच काढून टाकलं, म्हणजे करंट तापलेल्या ठिपक्याला वळसा घालून शेजारून जाईल. युक्ती सुंदर आहे. पण त्याच कॉइलच्या शेवटच्या चाचणीत मुद्दाम करंट तोडला, तेव्हा तिचा काही भाग जळालाच. हा प्रश्न अजून उघडा आहे, आणि माझ्या दृष्टीनं रेब्को घ्यायचं सगळ्यात मोठं कारण हेच.

मग कोणी काय घ्यावं?

गांधीनगरला किंवा ‘इटर’च्या कामात जायचं मनात असेल, तर निओबियम पक्कं करा. चालू यंत्रं त्याचीच आहेत आणि चाळीस वर्षांचा अनुभव कागदावर उपलब्ध आहे. पण हे काम हेलियम प्लांट असलेल्या ठिकाणी जाऊनच शिकावं लागतं. घराजवळ राहून क्रायोस्टॅटची (चुंबक अतिथंड ठेवणाऱ्या निर्वात टाकीची) निम्मी विद्या, म्हणजे उच्च निर्वात, शिकायची असेल, तर औंढा नागनाथजवळ येणाऱ्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेकडं लक्ष ठेवा. तिथल्या निर्वात यंत्रणेचं काम गांधीनगरचीच संस्था बघते.

मराठवाड्यातल्या कॉलेजात बसून स्वतःच्या हातानं सुरुवात करायची असेल, तर डोळे झाकून रेब्को. तो ७७ केल्विनलाही सुपरकंडक्टर राहतो आणि तेवढा थंडावा द्रवरूप नायट्रोजन देतो. हा नायट्रोजन तुमच्या तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात रोज असतो, वळूचं वीर्य साठवलेल्या कॅनमध्ये. त्यांना लागतो तो त्यांच्याकडंच राहू द्या, पण पुरवठादार कोण एवढं विचारून या.

थर्माकोलचा जाड खोका, पट्टीचे दोन तुकडे, दोन-तीनशे अँपियरचा डीसी सप्लाय आणि मायक्रोव्होल्ट मोजणारा मीटर. खोलीची दारं-खिडक्या उघडी, कारण उडणारा नायट्रोजन हवेतला ऑक्सिजन हटवतो. पट्ट्या सुपरकंडक्टरच्या बाजूनं समोरासमोर ठेवून कमी तापमानाच्या डाखानं जोडा, बुडवा, खदखद थांबेपर्यंत थांबा आणि करंट हळूहळू वाढवा. शंभर अँपियरला जोडावर दहा मायक्रोव्होल्ट दिसले, तर तुमचा जोड शंभर नॅनोओहमचा झाला. तो सोडवा, डाख पातळ करा, दाब थोडा वाढवा आणि पुन्हा मोजा.