उजनी, रोहित आणि फुकटचा डेटा: काही महिन्यांच्या वापरानंतर

उजनी धरणाच्या फुगवट्यावर, भिगवणला, रोहित (फ्लेमिंगो) कधी येतात आणि त्याचा आदल्या पावसाळ्याशी काय संबंध, एवढाच माझा प्रश्न होता. तिथले नावाडी त्याचं उत्तर एका दमात देतात: पाणी उतरलं की येतात. हे आकड्यांतही दिसतं का, ते बघायला मागच्या पावसाळ्यापासून चार सार्वजनिक डेटासंच वापरतोय. पक्ष्यांसाठी ईबर्ड (पक्षीनिरीक्षकांनी भरलेल्या याद्यांचा साठा), पावसासाठी हवामान विभागाची ग्रिड (नकाशाच्या चौकटी-चौकटींत मांडलेले आकडे), पाणलोटासाठी हायड्रोशेड्स (नद्या-खोऱ्यांचा जागतिक नकाशा) आणि जलाशयाच्या पसाऱ्यासाठी युरोपीय आयोगाच्या संशोधन केंद्राचा, म्हणजे जेआरसीचा, उपग्रही डेटा. चारही फुकट. आता नवा डेटा हाती आला की मी सगळ्यात आधी एवढंच बघतो, की यात शून्याचा अर्थ काय धरलाय.

या बाबतीत ईबर्ड सगळ्यात शहाणा. २००२ पासून चालू आहे. यादी भरणाऱ्याला तिथे विचारतात, ओळखता आलेले सगळे पक्षी नोंदवलेत का? उत्तर 'हो' असेल तरच त्या यादीत रोहित नाही म्हणजे रोहित दिसला नाही, असं धरता येतं. अपुऱ्या याद्या वगळल्या की फाइल बरीच आटते, पण उरतं ते कामाचं. आकड्याच्या जागी 'एक्स' असेल तर पक्षी होता, मोजला नव्हता. त्याला शून्य धरायचं नाही आणि एकही धरायचं नाही. आणखी एक गोम आहे. एकाच नावेतून गेलेल्या पाच जणांनी एकच यादी आपापल्या नावावर घेतली असेल, तर ती फाइलमध्ये पाचदा येते. गट-क्रमांक बघून त्यातली एकच ठेवावी, नाहीतर पाचशे रोहितांचे अडीच हजार होतात. डेटासाठी कारण लिहून अर्ज करावा लागतो, तो काही जाचक नाही. मात्र मोठी फाइल एक्सेलमध्ये उघडण्याच्या फंदात पडू नका. १०,४८,५७६ ओळींनंतर तिथे दुकान बंद होतं. आर ही संगणकभाषा येत असेल तर 'ऑक' नावाचं पॅकेज याच कामासाठी केलेलं आहे.

ईबर्डची खरी अडचण आपण माणसंच. थंडीत रविवारी याद्यांचा नुसता खच पडतो. मे महिन्याच्या उन्हात भिगवणजवळच्या कुंभारगावला कोण जातंय? त्यामुळे 'रोहित कधी गेले' असं विचारलं, तर पुष्कळदा पक्षीनिरीक्षक यायचे कधी थांबले त्याचीच तारीख मिळते. दर महिन्याला किती याद्यांपैकी कितींत रोहित आहे, असं प्रमाण काढलं तर यातून थोडी सुटका होते.

हवामान विभागाची पावसाची ग्रिड म्हणजे वैभव आहे. १९०१ पासून रोजचा पाऊस, ०.२५ अंशाच्या चौकटींत. यात शून्य म्हणजे खरोखर कोरडा दिवस, माहिती नसेल तिथे उणे ९९९. बेरीज करण्याआधी ते काढलं नाही, तर भर पावसाळ्यात उणे पाऊस पडतो! तारखेचंही भान हवं. पाऊस सकाळी साडेआठला मोजतात आणि मागच्या चोवीस तासांचा आकडा त्या दिवसाच्या नावावर जातो. मुंबईचा २६ जुलै २००५ शोधायचा तर २७ जुलै उघडावा लागतो. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिमी आणि कुलाब्याला ७३ मिमी नोंदला गेला. दोन ठिकाणांतलं अंतर साधारण एका चौकटीच्या लांबीएवढं! अशा वेळी चौकटीची सरासरी कुणाचीच नसते. भीमेच्या खोऱ्यात हेच दर पावसाळ्यात होतं. उजनी भरते ती घाटमाथ्याच्या जोरावर, आणि घाटमाथ्याची अरुंद पट्टी या चौकटींत नेमकी चेपली जाते. ९ किमीच्या चौकटींची ईआरए५-लँड ही युरोपीय हवामान-ग्रिड मी तुलनेपुरती ठेवलीय. पण ती संगणकीय प्रारूपातून (मॉडेलमधून) निघालेली असते, शिवाय वेळ ग्रिनिचची आणि पाऊस मीटरमध्ये.

हायड्रोशेड्सबद्दल थोडक्यात. २००० साली अंतराळयानातून केलेल्या रडार-मोजणीवर ते उभं आहे, आणि भीमाशंकरपासून खालचं खोरं त्यात नीट मिळतं. पण त्याला उतार कळतो, बोगदा कळत नाही. त्याच्या हिशोबाने मुळशीवर पडलेला थेंब मुळा, मुठा, भीमा करत उजनीत येतो. प्रत्यक्षात ज्या धरणासाठी मुळशी सत्याग्रह झाला, त्यातलं पाणी वीज करायला सह्याद्रीवरून खाली भिऱ्याला, म्हणजे कोकणात उतरवतात. वळवण, ठोकळवाडी, शिरवट्याचीही तीच कथा. ती पाणलोटं मी हातानेच वगळली. शिवाय रडारला पाण्याखालचा तळ दिसत नाही, म्हणून उजनीच्या जागी नुसता सपाट पाट दिसतो. चिखलाची मैदानं कुठे उघडी पडतील, हे त्यातून कळणार नाही.

ते कळतं जेआरसीच्या डेटात. लँडसॅट उपग्रहांची चित्रं, १९८४ पासून, ३० मीटरचा ठिपका, महिनावार. इथे शून्य म्हणजे माहिती नाही, एक म्हणजे पाणी नाही, दोन म्हणजे पाणी. पावसाळाभर ढगांमुळे शून्यच शून्य, पण फेब्रुवारीपासून काय सुरेख दिसतं! पळसदेवच्या बाजूला काठ महिन्या-महिन्याने आत सरकत जातो. मालिका ताजी नसते, एवढं सोडलं तर चौघांत माझा सगळ्यात लाडका हाच.

मूव्हबँक या संकेतस्थळावर रेडिओपट्टा लावलेल्या पक्ष्यांचे मार्ग असतात. पण बऱ्याच अभ्यासांचा नुसता नकाशा दिसतो, डेटासाठी मालकाची परवानगी लागते. माझं घोडं तिथेच अडलं.

धरणाच्या पातळीचं मात्र विचारू नका. ज्या संकेतस्थळावर मी ती बघायचो, तिथे आजचा आकडा असतो, कालचा गायब. तोही टक्क्यांत. उजनीत सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं, त्यातलं ६३ टीएमसी मृतसाठा, आणि टक्के मोजतात ते त्याच्या वरच्या पाण्याचे. म्हणजे शून्य टक्के झाल्यावरही तेवढं पाणी असतंच आणि पुढे पातळी 'उणे'त जाते.

नावाड्यांचं म्हणणं ढोबळपणे बसतंय: काठ उघडे पडतात त्या महिन्यांत रोहितांच्या याद्या वाढतात. पावसाशी मात्र थेट जोड लागत नाही. शेतीला आवर्तन कधी द्यायचं आणि सोलापूरला नदीतून पाणी कधी सोडायचं, हे बैठकांत ठरतं, आणि काठ त्या तारखांनुसार उघडे पडतात. पुढच्या हंगामासाठी मी त्या तारखा सोलापूरच्या जुन्या वर्तमानपत्रांतून उतरवून काढतोय.