पुण्यात घेतलेलं बीचकोंबिंग किट, १८५० रुपये: घ्यावं का?

समुद्रावर जाऊन काचा, शिंपले, बिया असं काहीबाही गोळा करत फिरायचा, म्हणजे बीचकोंबिंगचा, मला नाद आहे, घरचे त्याला सरळ कचरा म्हणतात. त्यामुळे कर्वे रोडच्या बाजूला एका क्राफ्टच्या दुकानात बीचकोंबिंग किट असं लिहिलेला डबा दिसला तेव्हा तो तिथेच ठेवून येणं काही जमलं नाही. दुकानाचं नाव देत नाही, कारण माल त्यांनी बनवलेला नाही, बाहेरून मागवून विकतात. घासाघीस केली तर काकांनी किंमत सोडली नाही, कापडी पिशवी मात्र फुकट दिली.

डब्यात घडीची जाळी, यूव्ही टॉर्च, दहापट मोठं दाखवणारं भिंग, जाळीची थैली, रंगांचा छापील तक्ता आणि "अस्सल सी ग्लास" लिहिलेली एक पुडी.

ज्यांना सी ग्लास माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगते. बाटली फुटते, तुकडे समुद्रात जातात आणि लाटा ते वाळू-गोट्यांवर घासत राहतात, वाळूतला क्वार्ट्झ काचेपेक्षा कठीण असल्यामुळे कडा झिजून गोल होतात. शिवाय खाऱ्या पाण्यात काचेतला सोडा आणि चुना हळूहळू निघून जातो, त्यामुळे पृष्ठभागावर बारीक खड्डे पडून तो धुरकट दिसायला लागतो. चांगला तुकडा तयार व्हायला काही दशकं लागतात. म्हणजे तुमच्या हातात येतो तो आजोबांच्या काळातल्या कुणीतरी फेकलेला कचरा, घरचे अगदीच चूक नाहीत.

आता भिंग. या सगळ्या डब्यात मला काही आवडलं असेल तर ते हेच. धातूचं आहे, घडी होतं, आणि दहापट म्हणजे खरंच दहापट दाखवतं, पट्टीवरच्या मिलिमीटरच्या रेघा बघून तपासलं. खऱ्या समुद्रकाचेवर भिंगातून बघितलं की इंग्रजी सी अक्षरासारखे छोटे वाकडे ओरखडे आणि खड्डे दिसतात, कुठे दाट कुठे विरळ, एका बाजूला जास्त झीज दुसरीकडे कमी. आणि मग त्याच भिंगाने मी त्यांचीच "अस्सल" पुडी बघितली, तर सगळे तुकडे एकाच मापाचे, सगळ्यांवर पिठीसाखर भुरभुरल्यासारखा एकसारखा पांढरा थर, ओरखडा औषधालाही नाही. ही टम्बलरमध्ये (फिरत्या डब्यात) ग्रिट म्हणजे खरखरीत भुकटी घालून फिरवलेली नाहीतर ॲसिडमध्ये बुडवलेली काच. कलाकुसरीला, फिश टँकमध्ये टाकायला उत्तम, माझी काहीच हरकत नाही, पण मग तसं लिहा ना बाबा. काकांना फोटो दाखवला तर म्हणाले, "ताई, काच ती काच, समुद्रात काय वेगळी होते का?" काका खत्रूड नाहीत, त्यांना खरंच माहीत नव्हतं, मग भिंगातून दोन्ही शेजारी ठेवून दाखवलं तेव्हा बराच वेळ बघत बसले.

तक्त्यावर मात्र माझा खरा राग आहे. रंगांची यादी दिलीये, सोपे ते दुर्मिळ असा क्रम: पांढरा, हिरवा, तपकिरी सगळ्यात सोपे, मग फिकट निळसर, गडद निळा, जांभळा, आणि सगळ्यात वर लाल नि केशरी. वरती फोटो कॅलिफोर्नियातल्या फोर्ट ब्रॅगच्या ग्लास बीचचा. तिथे १९०६ ते १९६७ अशी साठ वर्षं गावाने थेट समुद्रकाठी कचरा ओतला म्हणून तो किनारा काचेचा झाला, आणि गंमत म्हणजे तिथल्या स्टेट पार्कच्या हद्दीत काच उचलायला बंदी आहे. म्हणजे उचलायच्या वस्तूंच्या तक्त्यावर फोटो न उचलायच्या जागेचा! दुसरं नाव दिलंय इंग्लंडमधल्या सीहॅमचं, तिथे बाटल्यांचा मोठा कारखाना होता, तो १९२१ ला बंद झाला, दिवसअखेरीची उरलेली काच समुद्रात जायची म्हणून तिथे एकाच तुकड्यात दोन-तीन रंग सापडतात. माहिती बरोबर आहे, पण श्रीवर्धनला उभं राहून त्याचं करायचं काय?

आपल्याकडे हिशोब वेगळाय. बिअरच्या बाटल्यांचा तपकिरी-हिरवा ढीगभर मिळतो ते ठीक, पण तक्त्यात "आयुष्यात एकदा" म्हणून टाकलेला लाल रंग मला कोकणात बऱ्यापैकी मिळालाय, कारण आपल्या किनाऱ्यावर बांगड्यांचे तुकडे येतात! समुद्राला ओटी भरतात, त्यात बांगड्या असतात, गावातल्या वाढलेल्या बांगड्याही ओढ्यातून खाडीत जातात. लाल, हिरव्या, कधी पिवळ्या, बारीक कमानीसारखे तुकडे, कडा एकदम गुळगुळीत. तक्त्यात बांगडी हा शब्दच नाही. तसंच ते फिकट निळसर-हिरवं. तिकडे ते कशाचंही असेल, आपल्याकडे त्यातलं बरंच गोटी सोड्याच्या बाटल्यांचं असावं असा माझा अंदाज, हायरम कॉड नावाच्या इंग्रजाने १८७२ साली पेटंट घेतलेली ती बाटली जगात जवळपास संपली तरी आपल्याकडे राहिली. तिच्यातली गोटी सापडली तर माझ्या लेखी लॉटरी. गडद निळ्यासाठी जुन्या विक्सच्या बाटल्या आठवा, तो रंग कोबाल्टचा. जांभळ्याचं तक्त्यात नीट लिहिलंय, काच पांढरी दिसावी म्हणून पूर्वी मँगनीज घालायचे आणि वर्षानुवर्षं ऊन खाऊन तीच काच जांभळी पडते.

आणि त्याच तक्त्याच्या मागच्या बाजूला "काय काय सापडलं, टिक करा" म्हणून चित्रं आहेत, त्यात प्रवाळ आहे आणि समुद्रघोडा पण आहे. हे भारतात विकायचं असेल तर कुणीतरी एकदा वाचायला नको का? प्रवाळ आणि समुद्रघोडे दोन्हींना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, मेलेला, वाळलेला, किनाऱ्यावर पडलेला असला तरी घरी आणायचा नाही. काही मोठ्या शंखांचंही तसंच. लहान मुलांना तक्ता देणार असाल तर आधी त्या चित्रांवर काट मारा. शंख उचलताना आत खेकडा आहे का बघा, असला तर खाली ठेवा, त्याचं घर आहे ते. रेवदंडा-चौलकडे जुन्या खापऱ्या दिसतात, तिथेही हात आवरा, चौल हे प्राचीन बंदर, डेक्कन कॉलेजने तिथे उत्खनन केलंय, अशा गोष्टी बघून तिथेच ठेवायच्या.

त्याऐवजी तक्त्यात काय असायला हवं होतं सांगू? सागरगोटे. गारंबीच्या मोठ्या चॉकलेटी बिया, ज्या पाण्यावर तरंगत कुठून कुठे जातात. समुद्रफेन, म्हणजे ते पांढरं हलकं, पोपटाच्या पिंजऱ्यात लावतात ते, खरं तर माकूळच्या जातीतल्या प्राण्याच्या अंगातलं कवच. आणि पावसाळ्याच्या तोंडाला येणारे डांबराचे गोळे, ते गोळा करायला नाही, पायाला लागले की काय करायचं ते सांगायला (खोबरेल तेल चोळा, साबणाने जात नाही).

टॉर्च बरी आहे. बरी म्हणजे तिच्यावर ३९५ नॅनोमीटर (उजेडाची तरंगलांबी) लिहिलंय, त्यामुळे जांभळा उजेडच खूप दिसतो आणि त्यात मंद चमकणारं काही कळत नाही. युरेनियम घातलेली जुनी काच असेल तर या टॉर्चमध्येही झगझगीत हिरवी दिसते, पण मँगनीजवाल्या काचेची फिकट हिरवी चमक बघायची तर ३६५ ची टॉर्च पाहिजे. मला युरेनियमची काच कोकणात अजून मिळालेली नाही, मिळेल अशी फार आशाही नाही, चमकतं ते बहुतेक प्लॅस्टिक नाहीतर मासेमारीची दोरी. पण घरात नोटांवरचे नंबर चमकताना बघायला मुलांना मजा येते, आणि विंचू यूव्हीमध्ये निळसर-हिरवा चमकतो, तेव्हा सह्याद्रीत तंबू टाकणाऱ्यांना ही टॉर्च माझ्यापेक्षा जास्त उपयोगाची. डोळ्यात मारू नका कुणाच्या.

जाळी एका सहलीत गंजली. थैली मस्त, वाळू आपोआप गळते.

डब्यात भरती-ओहोटीबद्दल एक ओळ नाही, आणि पुण्याहून जाणाऱ्याला तेच सगळ्यात आधी लागतं. ताम्हिणी उतरून, माणगाव, म्हसळा करत चार-पाच तास हाडं खिळखिळी करून पोचायचं आणि समोर पूर्ण भरती! कोकणातलं कुणीही सांगेल, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, त्यात साधारण सहा तास मिळवले की ओहोटी. द्वितीयेला दीडला भरती म्हणजे सकाळी साडेसातच्या पुढे ओहोटी, तृतीयेला साडेआठच्या आसपास. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात पाणी लांब जातं, अष्टमीच्या भांगात, म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या दिवसांत, फारसं हटत नाही. म्हणून पौर्णिमेनंतरचा दुसरा-तिसरा दिवस शनिवार-रविवारी येतोय का बघा नि मग बुकिंग करा, भिंतीवरच्या कालनिर्णयमध्ये सगळं आहे.

आणि नुसती सपाट वाळू धुंडाळू नका. दिवेआगरचा तो लांबलचक किनारा फोटोला छान, काचेला नाही. काच तिच्याच आकाराच्या गोट्यांबरोबर साचते, म्हणजे किनाऱ्याची खडकाळ टोकं, हरिहरेश्वरची बाजू, खाडीचं मुख, जुन्या धक्क्यांच्या आजूबाजूला. हर्णै, दाभोळ, जयगड अशा ठिकाणी पूर्वी मुंबई-गोवा बोट लागायची, जिथे माणसांची वर्दळ तिथे बाटल्या फुटणारच. पावसाळा संपल्यावर लगेच जा, लाटांनी वाळू हलवलेली असते. काच घरी आणून साध्या पाण्यात धुवायची, बस.

मुलांना भेट द्यायचं असेल आणि पैशाचं काही नसेल तर किट घ्या, डबा दिसतो छान. स्वतःसाठी असेल तर १८५० देऊ नका. भिंग सुटं मिळतं, सोन्या मारुती चौक ते मोती चौक या पट्ट्यात सोनारांच्या हत्यारांच्या दुकानात विचारा, दहापटचं म्हणून सांगा आणि तिथेच उघडून एखाद्या नाण्यावर बघून घ्या. जाळीची थैली भाजीची चालते. टॉर्च ऑनलाइन घेणार असाल तर ३६५ लिहिलंय का ते बघा, नुसतं यूव्ही लिहिलेलं असेल तर ते बहुतेक ३९५ निघतं.