सेरेनाच्या घराण्यातली रॅकेट: विल्सन ब्लेड 104, कोकणातल्या कोर्टावर

विल्सनची ब्लेड 104 दुकानात ‘सेरेनाची रॅकेट’ म्हणून पुढे केली जाते. ते अर्धंच खरं आहे. सेरेना विल्यम्सच्या नावाने निघालेली एसडब्ल्यू 104 चांगली 28 इंच लांब होती. साधी ब्लेड 104 आहे साडेसत्तावीस इंची. नेहमीची रॅकेट 27 इंचांची असते आणि नियमाने 29 च्या पुढे जाता येत नाही. म्हणजे तिच्या जादा लांबीतला अर्धा वाटा आपल्या हाती येतो. तेवढ्यासाठी पैसे घालावेत का? रत्नागिरी, चिपळूण, अलिबागकडे संध्याकाळी डबल्स खेळणाऱ्या बहुतेकांनी घालू नयेत. सर्व्हिस बसलेली असेल आणि सिंगल्स खेळायचं असेल, तर मात्र खुशाल घ्या.

आधी आकडे. डोकं 104 चौरस इंचांचं, तारांशिवाय वजन 290 ग्रॅम, 16 उभ्या तारा आणि 19 आडव्या. गटिंग (तारा ओढून बसवणं) आणि मुठीवर गुंडाळायची एक ओव्हरग्रिप चढली की काटा 310 च्या आसपास जातो. 290 हा आकडा वाचून लोक हलकी समजून घेतात आणि तिथेच फसतात. फिरवताना जाणवणारं वजन काट्यावर दिसत नाही. लांबी अर्धा इंच वाढली की तेवढ्याच वजनाच्या रॅकेटचं हे फिरतं वजन, म्हणजे स्विंगवेट, साधारण 15 अंकांनी (ग्रॅमने नव्हे) चढतं. पहिल्या सेटमध्ये त्याचं काही वाटत नाही. तिसऱ्या सेटला फोरहँड उशिरा येऊ लागतो, चेंडू शरीरामागे भेटतो आणि दोष मनगटाला दिला जातो.

सर्व्हिसला ही रॅकेट खरोखर देते. चेंडू सव्वा सेंटिमीटर वर भेटतो, टोकाचा वेग वाढतो. पण सेरेनाची सर्व्हिस लांबीतून आली असं समजू नये. 2012 च्या विम्बल्डनला तिने स्पर्धाभरात 102 एस (समोरचीच्या रॅकेटला न लागता थेट गुण देणाऱ्या सर्व्हिस) मारल्या, त्यातल्या 24 एकट्या व्हिक्टोरिया अझारेन्काविरुद्धच्या उपांत्य सामन्यात. तिची उंची 175 सेंटिमीटर, म्हणजे टेनिसच्या मानाने फार नव्हे. तिचं खरं भांडवल टॉस, म्हणजे सर्व्हिससाठी चेंडू वर टाकणं. सपाट, स्लाइस, किक, काहीही मारायचं असो, चेंडू जवळपास त्याच जागी वर जायचा, त्यामुळे समोरचीला शेवटपर्यंत अंदाज लागत नसे. 1999 च्या यूएस ओपनपासून 2017 च्या ऑस्ट्रेलियन ओपनपर्यंत एकेरीची 23 ग्रँड स्लॅम आणि क्रमांक एकवर 319 आठवडे, त्यातले 186 सलग (म्हणजे स्टेफी ग्राफच्या बरोबरीने), या सगळ्याच्या मुळाशी तो टॉस आहे. तो दुकानात मिळत नाही.

किनाऱ्यावर तर टॉसचाच प्रश्न जास्त. दुपारनंतर खारे वारे सुटले की उंच टाकलेला चेंडू हातभर सरकतो. लांब रॅकेट आली की माणूस नकळत टॉस आणखी वर टाकतो, आणि मग डबल फॉल्ट सुरू. हात आणि रॅकेट पूर्ण ताणल्यावर टोक जिथे येतं त्याच्या वीतभर वर चेंडू गेला की पुरे. वारा समोरून असेल तर टॉस थोडा अधिक आत, कोर्टाकडे टाकावा. हे जमत नसेल तोवर 27 इंची रॅकेटच बरी.

दोन हातांच्या बॅकहँडला ही रॅकेट उत्तम आहे. वरच्या हाताला जागा भरपूर मिळते आणि बाजूला दूर जाणाऱ्या चेंडूपर्यंत पोच वाढते. एका हाताच्या स्लाइसला मात्र टोक मागे राहतं. नेटवर तर सरळ अडचण. डबल्समध्ये व्हीनस-सेरेनाने ग्रँड स्लॅमच्या 14 अंतिम फेऱ्या खेळल्या आणि चौदाही जिंकल्या, पण तो दाखला आपल्या कामाचा नाही. कामाचा आहे सानिया मिर्झा आणि मार्टिना हिंगिसचा: 2015 चं विम्बल्डन आणि यूएस ओपन, 2016 चं ऑस्ट्रेलियन ओपन, सलग 41 विजय. मागून सानियाचा फोरहँड आणि नेटवर हिंगिसचे चपळ हात, ही विभागणी. जिमखान्याच्या डबल्समध्ये आपल्याला हिंगिसचं काम जास्त वेळ करावं लागतं, आणि त्या कामाला ही रॅकेट चुकीची. घेतलीच असेल तर मुठीच्या टोपीत 5-6 ग्रॅम वजन भरा. तोल हाताकडे येतो आणि स्विंगवेट फारसं वाढत नाही. व्हॉलीला (टप्पा पडण्याआधीच्या फटक्याला) मूठ अर्धा इंच वर धरणं हा दुसरा उपाय, पण मग जादा लांबी विकत घेतली कशाला?

आता गटिंग. कोकणात खरी रडकथा इथे आहे. बहुतेक गावांत मशिन बॅडमिंटनसाठी बसवलेलं असतं. 24-26 पाउंडाच्या ताणाला सरावलेला हात 104 च्या डोक्याला 54 पाउंड ओढतो तेव्हा फ्रेमला आतून-बाहेरून पुरेसा आधार नसेल तर डोकं आखूड आणि रुंद होतं. गटिंगला देण्याआधी डोक्याची आतली लांबी-रुंदी टेपने मोजून ठेवा, परत आल्यावर पुन्हा मोजा. तीन-चार मिलिमीटरपेक्षा फरक दिसला तर तिथे पुन्हा देऊ नका. जुन्या तारा कापताना मधून सुरुवात करून उभ्या-आडव्या आळीपाळीने कापत बाहेर यावं. एकाच बाजूने कापत गेलं की ताण एकांगी सुटतो.

सेरेना उभ्या तारा नॅचरल गटच्या आणि आडव्या पॉलिएस्टरच्या वापरायची. इकडे तो थाट परवडत नाही, आणि किमतीमुळेच असं नाही. गट जनावराच्या आतड्याचं असतं. जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत ते पाणी पितं, फुगतं, उसवतं. मल्टिफिलामेंट (अनेक बारीक कृत्रिम धाग्यांची तार) 53-54 पाउंडाला घ्या, मेमध्ये एक-दोन पाउंड वाढवा, कारण उकाड्यात तारा सैल पडतात आणि एवढ्या मोठ्या डोक्यातून चेंडू बेसलाइनबाहेर जातो. पॉलिएस्टरला दमट हवेने काही होत नाही, पण वीसेक तासांच्या खेळात त्याचा जीव जातो. तार तुटत नाही म्हणून लोक वर्षभर तीच ठेवतात आणि कोपर धरून बसतात. तरीही पॉली हवंच असेल तर 48-50 वर जाऊ नका. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत रॅकेट ठेवणं बंद करा. पावसाळ्यात मूळ ग्रिपखाली बुरशी धरते. खेळ झाला की ओव्हरग्रिप उलगडून पंख्याखाली वाळू द्या.

जुनी घेताना टेप आणि स्वयंपाकघरातला डिजिटल काटा जवळ हवा. लांबी 69.9 सेंटिमीटर भरली पाहिजे; 68.6 भरली तर ती 104 नव्हे, रंग काहीही असो. तारा काढलेल्या असतील तर वजन 290 च्या चार-पाच ग्रॅम इकडेतिकडे चालेल. बंपर गार्ड (डोक्याच्या टोकावरची प्लास्टिकची पट्टी) झिजून खालचा ग्रॅफाइट दिसत असेल तर जांभ्याच्या कोर्टावर घासून घासून तिचं आयुष्य सरलेलं आहे. भाव पाडूनही घेऊ नये.