घेवड्यासाठी गच्चीवर ठिबक संच बसवला, त्याचा चार महिन्यांचा अनुभव

मी लातूरला राहते. एकतीस वर्षं स्टाफ नर्स म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे. आमच्या गल्लीत नळ आठ दिवसांनी येतो, मध्ये लागलं तर बोअरचं पाणी. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, पहिल्या गाडीत पाच लाख लिटर, तेव्हा मी ड्यूटीवरच होते. त्या वर्षी गच्चीवरचं एकेक झाड डोळ्यांदेखत गेलं. त्यामुळे झाडाला पाणी किती आणि कसं घालायचं, हा माझ्यासाठी वेळ घालवायचा विषय नाही.

यंदा दसऱ्याच्या आधी गंजगोलाई बाजारातल्या एका दुकानातून घरगुती ठिबक संच घेतला. १,४५० रुपये. त्यात १६ एमएमची काळी नळी दहा मीटर, ४ एमएमची पांढरी नळी वीस मीटर, थेंब थेंब पाणी सोडणारे, फिरवून कमी-जास्त होणारे तीस ड्रिपर, छोटा जाळीचा फिल्टर, नळीला भोक पाडायचा पंच, त्या भोकात बसवायचे रबरी ग्रोमेट, तीन तोंडांचे जोड म्हणजे टी आणि नळीचं टोक बंद करायची एंड कॅप. नळाला लावायचा बॅटरीवरचा टायमर वेगळा घेतला, १,८०० रुपयांना. माझ्याकडे झाडं लावायच्या सोळा ग्रो बॅग आहेत, पंधरा बाय पंधरा इंची. बारांमध्ये श्रावणघेवडा, चारांमध्ये मांडवावर चढवलेला वाल.

जोडणी सोपी आहे. मी एकटीने दोन तासांत केली. नळीचं टोक गरम पाण्यात बुडवून घेतलं की टीमध्ये सहज बसतं. फिल्टर टाकीच्या तोटीलगतच बसवा, नंतर कुठेतरी मध्ये नको.

खरी गोष्ट पुढे सुरू होते. खोक्यावर लिहिलेलं पाणी आणि प्रत्यक्ष पडणारं पाणी यांचा मेळ बसत नाही. औशाजवळ माझ्या भावाचं शेत आहे, त्याच्याकडे तुरीला ठिबक आहे. तो म्हणाला, "ताई, ठिबकला एक किलो प्रेशर लागतं. तुझी टाकी चार फुटांच्या स्टँडवर. एक किलो प्रेशरला पाणी दहा मीटर उंच पाहिजे." म्हणजे माझ्याकडे दहा-पंधरा टक्के प्रेशर. मग मी औषधाचा मेजरिंग ग्लास घेऊन बसले. सलाईन लावलं की मिनिटाला किती थेंब पडतात हे मोजल्याशिवाय मी कधी खाटेजवळून हलले नाही, इथेही तेच केलं. पंधरा मिनिटांत टाकीजवळच्या बॅगेत साडेसहाशे मिली पडलं, शेवटच्या बॅगेत फक्त एकशेचाळीस. एकाच नळीवरच्या दोन झाडांत इतका फरक! फिरवायचे ड्रिपर कमी प्रेशरला असेच वागतात. एक घट्ट केला की दुसऱ्याचा वाढतो, दिवसभर फिरवत बसा.

शेवटी ते सगळे काढले आणि साधे, तासाला चार लिटर सोडणारे, न फिरणारे बटण ड्रिपर आणले, फारच स्वस्त मिळतात. काळी नळी एका सरळ रांगेत न ठेवता टाकीपासूनच दोन फाटे केले. आता पंधरा मिनिटांत जवळ ३६० मिली, लांब ३१०. चार लिटरचा ड्रिपर माझ्याकडे तासाला दीड लिटरच्या आतच देतो, पण सगळीकडे जवळजवळ सारखं देतो आणि मला तेवढंच हवं होतं. संच विकणाऱ्यांनी गच्चीवरच्या टाकीसाठी मुळातच हे ड्रिपर द्यायला हवेत. आपल्याकडे बहुतेकांच्या घरी पाणी टाकीतूनच येतं, पंपाच्या प्रेशरने नाही.

टायमरबद्दल सविस्तर सांगते, कारण त्याने माझं खरं नुकसान केलं. सुरुवातीला एकदा संध्याकाळी पाच वाजता वीस मिनिटांची वेळ लावून मी खाली आले. सकाळी सहाला गच्चीवर गेले तर पायाखाली पाणी, बॅगांतून पाणी वाहतंय आणि टाकीचा तळ दिसतोय. अर्ध्यापेक्षा जास्त भरलेली पाचशे लिटरची टाकी, आणि नळ यायला अजून चार दिवस. मला तिथेच रडू आलं. नंतर कळलं की त्या टायमरच्या आत सोलेनॉइड, म्हणजे विजेच्या चुंबकावर उघडमीट होणारा व्हॉल्व्ह आहे आणि तो नीट मिटायला पाण्याचा दाब लागतो. टाकीच्या पाण्याला बॉल व्हॉल्व्हचा टायमर पाहिजे, त्यात मोटार स्वतः व्हॉल्व्ह फिरवते, दाब असो नसो. दुकानदाराने बदलून दिला, वरचे पैसे घेतले, वाद घातला नाही. पण विकताना त्याने "टाकी आहे की मोटार?" एवढं विचारलं असतं तर माझं तीनशे लिटर पाणी वाचलं असतं. तुम्ही घेताना हे स्वतःहून विचारा.

आता घेवड्याचं. हा संच घेवड्याला चालतो का, असं मला बऱ्याच जणींनी विचारलं. चालतो, पण पेरल्या दिवसापासून नाही. मी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बी टोकलं आणि उत्साहात लगेच ठिबक सुरू केलं, सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं. सातव्या दिवशी निम्म्या बॅगांत काहीच वर आलं नव्हतं. एक बी उकरून काढलं. बोटांत धरताच साल सरकली, आतली डाळ मऊ, पिवळट, आणि कुजल्याचा आंबूस वास. घेवड्याचं बी फुगायला जितकं पाणी लागतं तितकं ओल्या मातीत आधीच असतं. वरून घालत राहिलं की त्याला हवा मिळत नाही आणि ते सडतं.

दुसऱ्या खेपेला आदल्या दिवशी बॅग पूर्ण भिजवली, निथळू दिली, मग इंचभर खोल बी घातलं. उगवेपर्यंत फक्त वरचा थर सुकला तर झारीने हलकं शिंपडलं. सहाव्या दिवशी कोंब वाकडी मान काढून वर आले. सगळ्या बॅगांत. दोन खरी पानं आल्यावर ठिबक सुरू केलं, तेही एक दिवसाआड.

पाणी झालं की नाही हे मी टायमरवर सोडत नाही. तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालते. तिथे गार आणि ओलसर लागलं तर त्या दिवशी पाणी नाही. दुपारी बारा-एकला घेवड्याची पानं मान टाकतात, ती बघून लगेच तोटी सोडू नका. संध्याकाळी सहाला पुन्हा बघा. उन्हं उतरल्यावरही पान लोंबतच असेल तर ती तहान. टाकी रिकामी झाली त्या रात्रीनंतर तीन बॅगांतली खालची पानं पिवळी पडली, माती चिखल झाली होती. पाणी कमी पडलं की पान लोंबतं, जास्त झालं तरी लोंबतं. फरक बोटाला कळतो.

फुलं लागली की मात्र एक दिवससुद्धा चुकवायचा नाही. नोव्हेंबरमध्ये मी तीन दिवस गावी गेले, टायमरची बॅटरी उतरली होती. परत आले तेव्हा बॅगेवर जांभळट पांढरी फुलं गळून पडलेली. त्या तोडीला शेंगा निम्म्याच मिळाल्या. त्यानंतर फुलांच्या काळात रोज सकाळी सातच्या आत अर्धा तास, म्हणजे बॅगेला दोन ड्रिपर धरून (ते दोन का, हे पुढे सांगते) साधारण एक लिटर चारशे मिली. उशीर केला तर काळ्या नळीत तापलेलं पाणी आधी मुळांवर पडतं, लातूरच्या उन्हात हात लावून बघा म्हणजे कळेल.

एका बॅगेला एकच ड्रिपर पुरतो असं खोक्यावरच्या चित्रात दाखवलंय. पुरत नाही. माझ्या मातीत कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, बरंच आहे, पाणी ड्रिपरखालून सरळ खाली उतरून जातं. एक झाड खुरपीने बाजूने उकरून पाहिलं तर ड्रिपरखाली चार बोटं रुंद ओला पट्टा आणि पलीकडची माती भुग्यासारखी कोरडी. मुळं सगळी ओल्या बाजूला गोळा झालेली. आता घेवड्याच्या प्रत्येक बॅगेत समोरासमोर दोन ड्रिपर आहेत, खोडापासून चार बोटं लांब. वर भावाकडचं सोयाबीनचं भुसकट दोन इंच पसरलंय. वालाला एकच ठेवला. त्याची मुळं खोल जातात, आणि पाणी जास्त झालं की नुसती पानं माजतात, फुलं येत नाहीत.

आधी मी पाइपने पाणी घालायचे तेव्हा दिवसाला चार बादल्या, साठेक लिटर जायचं. आता वीस लिटरमध्ये सोळा बॅगा होतात. आणि पान भिजत नाही, हा घेवड्याला मोठा फायदा. डिसेंबरात मावा आला म्हणून एकदा संध्याकाळी मी पाइपने पानं धुतली, रात्रभर ती ओली राहिली. पंधरवड्यात तीन झाडांच्या पानांमागे तांबूस पुटकुळ्या, बोट फिरवलं की हळदीकुंकवासारखी पूड हाताला. तांबेरा. पानं काढून जाळली. नुसत्या ठिबकवरच्या झाडांवर तो आला नाही. मावा धुवायचाच तर सकाळी धुवा, म्हणजे उन्हात पान सुकतं.

बोअरचं पाणी वापरत असाल तर ड्रिपरच्या तोंडाशी पांढरी खर जमते. मी दर रविवारी फिल्टर उघडून धुते आणि महिन्यातून एकदा ड्रिपर लिंबूसत्त्वाच्या पाण्यात रात्रभर टाकते. संचातली ४ एमएमची पांढरी नळी मात्र बदलावीच लागली, तिच्यातून उजेड जातो आणि आत हिरवं शेवाळ धरतं. दुकानात काळी मिळते, थोडी महाग आहे.

सगळा हिशेब धरून सुमारे चार हजार खर्च झाला. पाचात साडेतीन देईन. नळ्या, ग्रोमेट, फिल्टर चांगले आहेत, चार महिन्यांत एकही सांधा गळला नाही. फिरवायचे ड्रिपर आणि पांढरी नळी याचे गुण मी कापले. त्यामुळे अख्खा संच घेण्यापेक्षा सुटे भाग घ्या: १६ एमएमची नळी, ४ एमएमची काळी नळी, चार लिटरचे बटण ड्रिपर, जाळीचा फिल्टर, आणि टायमर हवाच असेल तर बॉल व्हॉल्व्हचा. मी जिथून घेतलं तिथे ते सुटं देतात, फक्त काळी ४ एमएम नेहमी नसते, आधी फोन करून जा.