गर्भारपणातील असह्य उलट्या: इंदूरमधील एका लहान प्रसूतिगृहाविषयी

सकाळी जिरावण मसाला भुरभुरलेल्या पोह्यांशिवाय जिचे चालत नसे, त्या माझ्या मुलीला सातव्या आठवड्यापासून पोह्यांचा वासही सोसवेना. दहाव्या आठवड्यापर्यंत दिवसाकाठी बारा-पंधरा उलट्या होऊ लागल्या आणि ५४ किलो वजन ५०.५ वर आले. आधी ज्या मोठ्या रुग्णालयात गेलो, तेथे दोनदा सलाइन लावून ‘पहिलटकरणीला डोहाळे कडक असतातच’ एवढेच सांगून घरी पाठवले. ‘डोहाळे’ या लाडक्या शब्दाखाली किती आजारपण झाकले जाते, हे मला तेव्हा कळले. त्यानंतर तिला घराजवळच्या दहा खाटांच्या प्रसूतिगृहात नेले. हा अभिप्राय तेथील सेवेचा आहे.

येथील डॉक्टरबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो लघवीबद्दल. जळजळ नव्हती, तापही नव्हता. मात्र उजव्या कुशीवर बाईंनी हलकेच थाप मारताच मुलगी कळवळली. उलट्यांनी पाठ भरून येते, असे आम्ही समजत होतो. गर्भारपणात मूत्रमार्गाचा संसर्ग लक्षणांवाचूनही असू शकतो आणि तो मूत्रपिंडापर्यंत चढला की मळमळ-उलट्या वाढतात, हे त्यांनी कागदावर आकृती काढून समजावले. लघवीत कीटोन होते, म्हणजे शरीर उपासमारीमुळे चरबी जाळू लागले होते. ग्लुकोज लावण्याआधी परिचारिकेने बी-१ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन दिले. फार दिवस अन्न न टिकलेल्या बाईला त्याशिवाय ग्लुकोज दिल्यास मेंदूला इजा होऊ शकते, ही गोष्ट आधीच्या ठिकाणी कोणी बोललेही नव्हते.

मला सर्वांत मोलाची वाटली ती तपासण्यांच्या क्रमाबद्दलची काटेकोर दक्षता. अँटिबायोटिक सुरू करण्यापूर्वीच लघवी कल्चरसाठी (जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीसाठी) आणि शौचाचा नमुना हेलिकोबॅक्टर पायलोरीच्या तपासणीसाठी घेतला, कारण औषध पोटात गेल्यावर दोन्ही अहवाल फसवे येऊ शकतात. जठरात राहणारा हा तोच जंतू, ज्याच्या शोधासाठी मार्शल आणि वॉरन यांना २००५ चे नोबेल मिळाले. दोन दिवसांनी कल्चरमध्ये ई. कोलाय हा मूत्रमार्गाच्या संसर्गात नेहमी आढळणारा जंतू वाढल्याचे कळले. शौचाचा अहवालही पॉझिटिव्ह आला.

‘म्हणजे याच जंतूंमुळे हे सारे झाले का?’ या माझ्या प्रश्नाला बाईंनी सोपे उत्तर दिले नाही, आणि त्यामुळेच माझा त्यांच्यावरील विश्वास वाढला. अशा तीव्र उलट्यांचे मोठे कारण वारेतून (प्लॅसेंटातून) येणाऱ्या जीडीएफ-१५ या संप्रेरकात आणि त्याला आईचे शरीर किती सरावलेले आहे यात असल्याचे २०२३ च्या संशोधनातून दिसले आहे; पायलोरीचा संबंध अनेक अभ्यासांत आढळला असला, तरी तो जंतू बाळगणाऱ्या बहुतेक गर्भवतींना इतका त्रास होत नाही. संसर्ग हा आधीच असलेल्या ओझ्यावर पडलेला आणखी एक भार आहे, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणून मूत्रमार्गाच्या संसर्गावर गर्भारपणात चालणारे अँटिबायोटिक लगेच दिले आणि पायलोरीचा पूर्ण औषधोपचार बाळंतपणानंतरवर ठेवला. चौथ्या दिवशी उलट्या तीन-चारवर आल्या. पूर्ण थांबल्या नाहीत, पण त्या संध्याकाळी तिने साळीच्या लाह्या मागून खाल्ल्या आणि त्या पोटात राहिल्या.

उणिवाही सांगायला हव्यात. पुढच्या खोल्यांची खिडकी कचोरीच्या दुकानावर उघडते आणि तळणाचा वास थेट खाटेपर्यंत येतो. अशा रुग्णांना मागच्या अंगणाकडची खोली मिळायला हवी, आम्हाला ती दुसऱ्या दिवशी भांडून मिळाली. बिलात दिवसभराच्या सलाइनचे आणि खाटेचे पैसे वेगळे दाखवत नाहीत. कल्चरचे नमुने शनिवारी दुपारनंतर घेत नाहीत, म्हणून आठवड्याच्या अखेरीस जायचे झाल्यास सकाळीच पोहोचावे, आणि घरी उरलेल्या गोळ्यांतली एखादी अँटिबायोटिक आधीच खाऊन जाऊ नये.