‘१५० पीएसआय’चा कॉम्प्रेसर ट्रकवाल्यांच्या गळ्यात कसा मारतात

ट्रकसोबत ठेवायला ‘हेवी ड्यूटी, १५० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), १५० लिटर’ असं छापलेला छोटा कॉम्प्रेसर, म्हणजे हवा भरायचा पंप, दोन-चार हजारांत विकला जातो. डेमो ठरलेला असतो: कारचं टायर, २० वरून ३० पीएसआय, दोन मिनिटांत काम फत्ते. गिऱ्हाईक खूश होऊन पैसे मोजतं आणि खरी गोम रात्री घाटात कळते.

पहिली लबाडी डायलची. १५० हा गेजवर छापलेला शेवटचा आकडा आहे. पंप तिथपर्यंत हवा चढवेल असा त्याचा अर्थ नाही. शिवाय पंप चालू असताना काटा पाइपमधला दाब दाखवतो, टायरमधला नाही. पंप बंद करून आपल्या गेजने मोजलं की काटा खाली आलेला दिसतो.

दुसरी लबाडी लिटरची. डब्यावरचे मिनिटाला १५० लिटर नोझल मोकळं असतानाचे असतात. समोर दाब वाढला की तेच यंत्र मिनिटाला पाच-सहा लिटरवर येतं. आता हिशेब करा. १०.००-२० या मापाच्या ट्रकच्या टायरमध्ये साधारण ११५ लिटर जागा असते. ९५ वरून ११५ पीएसआयला न्यायचं तर सुमारे १६० लिटर मोकळी हवा आत ढकलावी लागते. मिनिटाला सहा लिटर म्हणजे एका टायरला जवळजवळ अर्धा तास. आणि माहितीपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं: सलग दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त चालवू नये. त्यापुढे सिलिंडर तापतो, पिस्टनचं सील मऊ पडतं, मोटर गुरगुरत राहते पण काटा हलत नाही.

खोटं पकडायचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे अँपिअर. मिनिटाला १५० लिटर हवा ८ बारपर्यंत (सुमारे ११६ पीएसआय) दाबायची तर आदर्श यंत्रालाही साडेपाचशे वॅट लागतात; प्रत्यक्षात हजाराच्या आसपास धरा. १२ व्होल्टवर हे ८० अँपिअरच्या वर जातं. १५ अँपिअरच्या फ्यूजवरचं लायटर सॉकेट १८० वॅटच देतं. त्यामुळे लायटरला लावायचा पंप एवढ्या दाबावर मिनिटाला १५० लिटर देतो असं कोणी सांगितलं, तर तिथेच व्यवहार थांबवा.

बॅटरीला चिमटे लावायचा पंप असेल तर त्याची वायर ब्लेडने हलकी खरवडून बघा. तांब्याच्या रंगाखाली पांढरा धातू दिसला तर ती मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची आहे. तेवढ्या जाडीत ती जास्त तापते आणि मोटरपर्यंत व्होल्टेज कमी पोचतं. जड ट्रक २४ व्होल्टचे. ‘१२ व्होल्टचा पंप दोनपैकी एकाच बॅटरीला लावा’ हा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नका. एक बॅटरी उतरलेली राहते, दुसरी जास्त चार्ज होते आणि दोन्ही लवकर जातात.

पैसे देण्याआधी स्टेपनीवर चाचणी मागा: ९५ वरून १००, घड्याळ लावून, पंप बंद करून आपल्याच गेजने. या पाच पीएसआयला सात मिनिटं लागली, तर बाकीचं गणित तुमचं तुम्हीच करा.

खरं तर एअर ब्रेकच्या गाडीला वेगळा कॉम्प्रेसर लागतच नाही, इंजिनवर तो आधीच असतो. मात्र इथेही फसवतात. काही मेकॅनिक थेट ब्रेकच्या लाइनमध्ये टी (तीन तोंडांचा जोड) ठोकून नोझल काढून देतात. तो जोड गळला की ब्रेकची हवा जाते. हे काम जीवघेणं आहे, कुणी फुकट करून दिलं तरी नको. हवा घ्यायची ती फोर सर्किट प्रोटेक्शन व्हॉल्व्हच्या (हवेचे मार्ग एकमेकांपासून वेगळे ठेवणाऱ्या झडपेच्या) ऑक्झिलरी, म्हणजे ब्रेकशिवायच्या कामांच्या बाजूने, किंवा अनलोडर व्हॉल्व्हला (टाकी भरली की कॉम्प्रेसरची हवा बाहेर सोडणाऱ्या झडपेला) टायर भरायचं तोंड असेल तर तिथून. अनलोडरवरून भरताना आधी ब्रेकच्या हवेच्या टाकीचा दाब थोडा उतरवावा लागतो. टाकी भरलेली असेल तर कॉम्प्रेसर मोकळा फिरतो आणि पाइपमध्ये हवा येत नाही. टाकीतून घेत असाल तर मर्यादा टाकीच्या दाबाची. कट-आउट (टाकी भरणं आपोआप थांबतं तो दाब) ८ बारला असेल तर ती जेमतेम ११६ पीएसआय. त्यावर एक पीएसआयही चढणार नाही. टाकीचं पाणी आधी काढा.

आणि टायर ठरलेल्या दाबाच्या ८० टक्के किंवा त्याखाली असताना गाडी चालली असेल, तर रस्त्यावर त्यात हवा भरूच नका. रिंगवालं चाक (टायर सुट्या लोखंडी रिंगने अडकवलेलं) असेल तर मुळीच नाही. उतरवून, तपासून, लोखंडी सुरक्षा पिंजऱ्यातच भरायचं.

फसलाच असाल तर पक्कं बिल, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि वर सांगितलेल्या चाचणीचा व्हिडिओ जपून ठेवा. आयात मालाच्या खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश आणि एमआरपी छापणं बंधनकारक आहे. ते नसेल तर तो तक्रारीचा वेगळा मुद्दा. ग्राहक हेल्पलाइन १९१५. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं. व्यापारी कामासाठीची खरेदी कायद्याने वगळली आहे, पण स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू वगळलेली नाही. त्यामुळे एकच गाडी स्वतः चालवणाऱ्याने ही गोष्ट तक्रारीत पहिल्याच परिच्छेदात लिहावी.